नाव न घेता मारलेली हाक

बाबागाडी रिकामी. पट्टा तसाच लावलेला, आन् आत शंभू न्हाई.

मी आधी पांघरूण उचलून बघितलं, मग गाडीखाली वाकून बघितलं, मग उगंच माझंच जाकीट चाचपलं... म्युझियमच्या त्या खोलीत नुसती जुनी कपाटं आन् काचा. दुसरं माणूस एकबी न्हाई. आमचे हे पलीकडं फोटो काढत हुभे. म्हणलं, "आवं, शंभू कुठाय?" तर म्हणत्यात, "तुझ्याकडंच हाय की." आन् शंभू तर तवा चालत न्हवता. नुसता रांगायचा.

थांबा, नीट सांगते. मी धावी नापास, लिहिताना चुकंल, समजून घ्या. पण असल्या गोष्टींवर इस्वास ठेवणारी मी न्हवं. माझं म्हायेर विट्याचं. शेजारी कुणाच्या अंगात आलं तरी मी आपली भाकरी थापत बसणार, आसली मी.

यांची कंपनी शिरवळला. नवं मशीन शिकायला यांना जर्मनीत न्यूरेंबर्गला पाठवलं, मागनं मी आन् शंभू गेलो. सुट्टीला तितं दुकानं बंद, मग फिरायचं. किल्ला बघितला, तांबड्या दगडाचा. लोकं लय कौतुक करत्यात, पण आपल्या अजिंक्यताऱ्यावर चढलेल्या माणसाला त्याचं काय. आतली हीर मातर खोल. बाजारात सोनेरी कारंजं हाय, त्याच्या जाळीतली कडी फिरवली की मनातलं व्हतं म्हणं. मी फिरवली. शंभूला लवकर पाय फुटूदेत म्हणलं. आता वाटतं, फिरवायलाच नको व्हती.

आमच्यात एक रीत हाय. ल्हान पोराला घेऊन परक्या जागंतनं निघताना त्याला नाव घेऊन हाक मारायची, "चल रं शंभू, घरला चल." न्हाईतर पोराचा जीव तितंच रेंगाळतो म्हणत्यात. माझी सासू – आमी आत्ती म्हणतो – तिनं इमानतळावर धा येळा बजावलेलं, "नाव घ्यायचं हां पोरी, मोघम हाक मारू नगंस." मी इस्वास ठेवत न्हाई म्हणलं, पण हाक मारायला काय जातंय? किल्ल्यात मारली, पुलावर मारली. हे म्हणायचे, "हळू, लोकं बघत्यात. एष्टी स्टँड हाय का ह्यो?"

त्या दिशी म्युझियमच्या आधी आमी एका चर्चात गेलतो. उंच, दोन मनोऱ्याचं, आत गार. भिंतीला लढाईच्या टायमाचे फोटो – छप्पर पडलेलं, नुसते दगडांचे ढीग, आन् त्या ढिगावर टोपी घातलेली बारकी पोरं हुभी. मी लय येळ बघत बसले. हे म्हणले, "चल की, उशीर व्हतोय." मी गडबडीत दारातनं मागं बघून म्हणलं, "चल बाळा, घरला चल."

बाळा म्हणलं. शंभू न्हाई म्हणलं.

तितनं सरळ म्युझियम. आन् मग ती रिकामी गाडी.

मी वरडत सुटले. तितली राखणदार बाई पळत आली, तिची भाषा मला येईना, माझी तिला. मी हातानं दावलं – एवढा, एवढा बारका. तिला कळलं. आईचं रडणं कुठंबी कळतंय. तिनं दारं बंद करायला लावली, आन् खालच्या मजल्यावर घावला शंभू. तितं जुन्या काळचं आख्खं सैपाकघर मांडलंय, चूल, तांब्याची भांडी, पुढं दोरी लावलेली. दोरीच्या आत, थंड चुलीपुढं हात शेकत बसलेला. रडत न्हवता. आन् मधी दगडी जिना, बरं का.

बाईनं आमाला कॅमेऱ्याचं चित्र दावलं. गाडी यांच्या पाठीआड आलेली, शंभू पट्ट्यातनं कसा सुटला ते दिसत न्हाई. पण म्होरं जिना दिसतोय. माझा रांगणारा शंभू जिना उतरतोय. एकेक पायरी, तोल न जाता. एक हात बाजूला, जरासा वर, मूठ मिटलेली... जसं शेजारच्या थोरल्या पोराचा हात धरावा तसा. मधीच तोंड वर करून हसला. शेजारी कोण न्हाई.

हे म्हणले, "पोरं एकदम चालायला लागत्यात गं." मी तितंच फरशीवर शंभूला हुभा केला. मट्कन खाली बसला आन् रांगाया लागला.

आत्तीला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "नुस्तं बाळा म्हणलीस व्हय गं?"

"व्हय."

"मग जो आला त्यो आला. त्याचा काय गुन्हा? तू बोलावलंस." आन् म्हणाली, "जा परत त्या देवळात. आपल्या शंभूला नाव घेऊन हाक मार, आन् त्याला सांग, बाबा, तू हितंच ऱ्हा."

दुसऱ्या दिशी गेले. हे बी आले. दारात हुभी ऱ्हायले, शंभू कडंवर. "चल रं शंभू, घरला चल," चांगलं मोठ्यांदा म्हणलं. पुढचं तोंडातच आलं न्हाई. समोर ते फोटो, ती ढिगावरची पोरं. त्यानं माझ्या पोराला जिन्यावरनं नीट उतरवलं, पडू दिलं न्हाई, गारठ्यातनं चुलीपुढं न्हेऊन बसवलं. त्याला कसं म्हणू, तू हितंच ऱ्हा? मी गप निघून आले.

आता आमी शिरवळला हाय. औंधला यमाईच्या पाया पडून आलो. शंभू आता चालतो, चांगला पळतो. जिन्यावरनं मातर माझा हात धरत न्हाई. दुसरीकडंचा हात बाजूला करतो, जरासा वर, आन् आमी उंबऱ्याच्या भाईर पडलो की मागं वळून थांबतो... कुणीतरी चप्पल घालतंय तोवर थांबावं तसा. मग निघतो.

हे म्हणत्यात सवय हाय, जाईल. कोडं मला सुटलं न्हाई आन् कुणी सोडवलंबी न्हाई. आत्ती रोज ईचारते, "सांगितलंस ना त्याला?" मी व्हय म्हणते.

खरं सांगा, तुमच्यातल्या आयांनी तरी. दारात हुभं ऱ्हाऊन तुमी त्याला 'तू येऊ नगंस' म्हणला असता का?