टीव्हीच्या बटणाचा मान

आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, आयुष्यात एकच यंत्र चालवलं. शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. तोही अशा थाटात, की धरणाचे दरवाजेच उघडतायत. प्रत्येक पायरी ओरडून सांगायची. आधी स्टॅबिलायझर. काटा दोनशेवीसवर येईपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. मग टीव्हीचं बटण. दुसऱ्या कुणी हात लावला तर ट्यूब उडते, असा त्यांचा शोध. बाईमाणसानं लावला तर हमखास.

आता धाकट्या भावानं आमच्या रिहे गावात भातखाचर बुजवून फार्महाऊस काढलंय. शहरातली, बावधनची मंडळी येतात, पिठलं-भाकरी खाताना डोळे मिटतात. आमची अडगळ त्यांना 'व्हिंटेज' वाटते. म्हणून इतकी वर्षं बियाण्याच्या पोत्यांखाली पडलेला टीव्ही भावानं पौडच्या मेकॅनिककडून साफ करून आणला. मेकॅनिकनं बजावलं होतं, "आदी स्टॅबिलायझर, मंग टीव्ही. उलटं केलं तर धूर निघंल."

रविवारी पाहुणे मोबाइल रोखून उभे राहिले. आबा इस्त्रीचा सदरा घालून पुढे आले. त्यांनी थेट टीव्हीचं बटण फिरवलं आणि मग स्टॅबिलायझरकडे हात नेला.

"अवो, थांबा!" आई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली. "आदी टीव्ही बंद करा."

"तुला काय कळतंय?" आबा म्हणाले, पण हात तिथंच थांबला. ऐंशीच्या माणसाला पुढचं आठवेना. चेहरा पार उतरला. त्यांच्या रुबाबाला मी जन्मभर हसत आलोय. तेव्हा मात्र हसू आलं नाही.

आई पुढे झाली. टीव्हीचं बटण बंद केलं, स्टॅबिलायझर लावला, काटा स्थिर होऊ दिला आणि मग टीव्ही सुरू केला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. या लोकांना काहीही चालतं.

फोटो झाल्यावर तिनं टीव्ही बंद केला. पडद्याच्या मधोमध उरलेला पांढरा ठिपका विझेपर्यंत थांबली. मग स्टॅबिलायझर, शेवटी प्लग. कुठं म्हणून चुकली नाही.

"आई, तू तर कधी हात लावला न्हाईस. एवढं पाठ कसं?" मी विचारलं.

"लावायचं कसं, ते ह्यांच्या वरडण्यावरनं चुलीपाशी कळायचं," ती म्हणाली. "बंद करायचं तेवढं डोळ्यानं बघितलंय. माजी भांडी उरकून मी बाहीर यायची, तवा हे टीव्ही बंदच करत असायचे."