मागच्या दारानं

आमच्या आत्याला शिलाई कारखान्यातल्या बायका शंकासुर म्हणत, अगदी तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. तोंड कधी न पोळताच ताकही फुंकून पिणारी बाई ती. नव्या नोकरीवर गेली की पगार नंतर विचारायची, आधी संडास बघायची. "बायकांच्या संडासाला ज्याला साधी कडी लावता येत नाही, तो आपली काय काळजी घेणार?" शितावरून भाताची परीक्षा ती अशी करायची. चार कारखाने तिनं याच पायी सोडले. पाचव्यात कडी होती, म्हणून टिकली आणि मलाही तिथंच चिकटवलं. ती कॉलर जोडायची, मी दोन मशीन पलीकडे काजं करायची.

या कारखान्याची खोट मागच्या दारात होती. तिसऱ्या मजल्यावर आम्ही चाळीस बायका, आणि उतरायला जिने दोन. पुढचा अरुंद, त्यावर कापडाचे गठ्ठे. मागचा चांगला रुंद, पण त्याच्या दाराला कायम कुलूप. उघडं ठेवलं तर बायका तयार शर्ट लांबवतील, असं मॅनेजरचं म्हणणं.

"आपण चोर. बरं, चोर तर चोर," आत्या म्हणायची. "पण आग लागली तर चोरांनी पळायचं कुठून?"

एका सोमवारी मॅनेजर सकाळपासून गोड गोड बोलायला लागला. पंखे पुसले, गठ्ठे हलले, मागचं दार सताड उघडलं. आत्यानं मशीन थांबवलं. "पाणी मुरतंय गं कुठंतरी."

दुपारी तपासणीसाहेब आले, दार बघून मान डोलावून गेले. त्यांची पाठ वळते न वळते तोच कुलूप परत लागलं. मग मॅनेजर एक कागद घेऊन मशीनमागून मशीन फिरला. तो उद्या साहेबांकडे जायचा होता. 'मागचं दार कामाच्या वेळेत कायम उघडं असतं,' आणि खाली आमच्या सगळ्यांच्या सह्या.

मी केली सही. सगळ्या करत होत्या, मीही केली. आत्या मात्र कागद वाचतच बसली.

"उद्यापासून यायचं नाही वाटतं?" मॅनेजर म्हणाला.

तिचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या जिवावर.

"करते की सही," आत्या म्हणाली. "सुटी झाली की मागच्या दारानं निघते. तिथंच करते."

सहा वाजता ती त्या दारापाशी जाऊन उभी राहिली. पिशवी उघडून मॅनेजरपुढे धरली. आत रिकामा डबा आणि चष्मा.

"बघून घ्या, साहेब. आणि कुलूप काढा."

"पुढून जा."

"कागदात तर उघडं लिहिलंय."

बटणवाली तिच्या मागे जाऊन उभी राहिली, पिशवी उघडून. मग इस्त्रीवाली. मग आणखी दोघी, आणि त्यांच्या मागे मी. सहावी. इतका वेळ माझे पाय का हलले नाहीत, याची मला अजून लाज वाटते. मॅनेजरनं आमच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि खिशातून किल्ली काढली. आत्यानं उंबऱ्यात उभं राहून सही केली.

त्यानंतर सात वर्षं ती रोज मागच्या दारानंच गेली. घर पुढच्या रस्त्याला, त्यामुळे वळसा पडायचा. गुडघे दुखायला लागले तरी ऐकेना.

"मी एक दिवस चुकले की तो कुलूप लावेल," म्हणायची. मी हसायचे.

गेल्या वर्षी ती घरी बसली. मी काही दिवस तिच्या वाटेनं गेले, मग कंटाळा केला. काल चहाच्या सुटीत सहज मागे नजर गेली. कडीला कुलूप होतं, नवं कोरं.

घरी जाऊन तिला सांगितलं. वाटलं, माझ्यावर भडकेल. तिनं एवढंच विचारलं,

"त्या कागदावर माझी सही आहे ना अजून?"

"आहे," मी म्हटलं. "माझीही."

आज सहा वाजता मी पिशवी उघडून त्या दारापाशी उभी राहिले. या वेळी माझ्यापुढे कोणी नव्हतं.