आर-पारची माळ आणि तापलेलं इंजिन

काशीला जायचं ठरलं तेव्हा नवरा म्हणाला, "विमानानं जा बाई, उगाच हाडं खिळखिळी करून घेऊ नकोस." पण मला रेल्वेनंच जायचं होतं. कुडाळहून मुंबई आणि तिथून वाराणसी. लग्न होऊन कोकणात देवबागला आले ती याच रुळांवरून, उलट्या दिशेनं. इतक्या वर्षांनी तो रस्ता सुलटा करावासा वाटला, एवढंच.

काम काय होतं ते आधी सांगते. मी मूळची काशीतली, दूधविनायकाच्या गल्लीतली मराठी मुलगी. आई लहानपणीच गेली, बाबा रेल्वेत, सदा फिरतीवर. मला वाढवलं काकूनं. काका आता नाहीत, त्यांना मूलबाळ नाही. ऐंशी पार केलेली काकू त्या गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहते आणि मागच्या पावसाळ्यात जिन्यावरून पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं नवस बोलला, पुन्हा चालायला लागले तर गंगामाईला आर-पारची माळ घालीन. आता काठी टेकत का होईना, चालते.

आर-पारची माळ म्हणजे या काठाला फुलांच्या माळेचं एक टोक बांधायचं आणि नावेतून सोडत सोडत दुसरं टोक पलीकडच्या काठाला न्यायचं. अख्खी नदी ओवायची. ही मूळ तिकडचीच रीत, पण पिढ्यान् पिढ्या राहून आमच्या मराठी घरांतही रुजलेली.

मी काकूच्या मागे लागले होते, देवबागला चल, आमच्याकडे राहा. ती टाळत होती. शेवटी फोनवर म्हणाली, "माळ अख्खी पार गेली तर तुझ्यासोबत येईन. मधेच तुटली तर गंगामाईची इजाजत नाही. मग तू मला परेशान करायचं नाहीस. मंजूर?" मंजूर म्हटलं, आणि दोन परतीची तिकिटंही काढून ठेवली. आशावादी आहे मी!

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. माघाची थंडी हलकी समजू नका. आम्ही कोकणातली माणसं एका स्वेटरवर निघतो आणि मग कुडकुडतो. स्टेशनावरून मैदागिनपर्यंत ई-रिक्षा मिळते, भाडं बसण्याआधीच ठरवा. पुढे पायीच. चाकांची बॅग अजिबात नेऊ नका, गल्लीतल्या फरश्या तिची चाकं खातात आणि वर एखादा सांड वाट अडवून उभा असतो. त्याला हाकलू नका. तो हलेल तेव्हा हलेल.

गल्ली तीच होती. नळाची जागा तीच, कोपऱ्यावरच्या दुधाच्या कढईचा वास तोच. मात्र लहानपणी आम्ही मुली जिथे सागरगोटे खेळायचो त्या ओट्यावर आता चार पोरं मोबाईल घेऊन हिंदीत भांडत होती. एकाला मराठीत विचारलं, "काकू घरी आहेत का रे?" तो म्हणाला, "हां हां, वरच आहेत, जाइए ना." मला हसू आलं. शाळेत हिंदी, घरात मराठी आणि भांडताना दोन्ही, असेच तर आम्ही वाढलो.

काकूनं सकाळी कचौरी-जिलेबी मागवली आणि मातीच्या कुल्हडात मलइयो. दुधाचा तो केशरी फेस थंडीतच मिळतो, ऊन चढलं की संपला. तोंडात ठेवला आणि मी क्षणात आठवीतली झाले. कार्तिकात पंचगंगा घाटावर बांबूच्या टोकाला आकाशदिवे चढायचे, काकू मला शालीत घेऊन पायऱ्यांवर बसायची आणि माझा दिवा कुठला ते मी दरवेळी चुकीचं सांगायचे. ती कधीच चूक काढायची नाही.

"माळ कुणाकडून केलीस?" मी विचारलं.

"फूलमंडीतून. मालीण सुतळीत ओवत होती. मी म्हटलं, नाही, कच्च्या सुतातच ओव."

"अगं, सुतळी बरी ना! पक्की राहते."

"तुला काय समजतं यातलं," म्हणून तिनं मला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही पंचगंगा घाट उतरलो. पायऱ्या उभ्या आहेत. गुडघे बोलत असतील तर बाजूनं, धरून उतरा. काकूला मी एका बाजूनं आणि बचाऊनं दुसऱ्या बाजूनं धरलं. बचाऊ आमचा नाववाला. त्याचे वडील आम्हाला दरवर्षी वल्ही मारत रामनगरला न्यायचे, तेव्हा हा माझ्याएवढाच होता. आता मिशा पांढऱ्या, नाव मोठी आणि मागे बाहेरून लटकवलेलं आउटबोर्ड इंजिन. मी इंजिनाकडे बघितलं तसा तो फुशारकीनं म्हणाला, "दीदी, अब चप्पू कौन मारे!"

घाटावर गुरुजींनी पूजा सुरू केली आणि ती काही संपेना. बचाऊनं इंजिन चालूच ठेवलं होतं. बंद केलं की पुन्हा लवकर धरत नाही म्हणे. नाव उभी कुठे, तर घाटालगत, जिथे सगळ्या गावाची फुलं, पणत्या आणि पत्रावळी तरंगत असतात. त्यात काकू मागच्या बाजूला बसून ओंजळी ओंजळीनं झेंडू वाहत होती, नेमका इंजिनाच्या बुडाशी. वल्ह्याच्या नावेतून तिनं जन्मभर असाच वाहिला होता. माझंही लक्ष फुलांच्या रंगाकडे. देवबागला आमची पर्यटकांना फिरवायची बोट आहे, इंजिनाबरोबर मी पंचवीस वर्षं संसार केलाय, आणि तरी मला सुचलं नाही!

माळेचं टोक घाटावर बांधलं आणि आम्ही निघालो. टोपलीतून माळ मी हलकेच सोडत होते. पाण्यावर केशरी रेघ उमटत चालली. समोरून येणाऱ्या नावा आपोआप थांबल्या, कुणी हॉर्न वाजवला नाही. एका नावेतल्या बायकांनी हात जोडले. काकूचं तोंड घाटाकडे होतं.

नदीच्या मधोमध इंजिनानं टीं करून शिट्टी धरली आणि जोर सोडला.

मी मागे बघितलं. चालत्या इंजिनातून मागे पाण्याची एक बारीक धार पडत राहायला हवी. आत पाणी फिरतंय, इंजिन थंड राहतंय, हे ती सांगते. धार नव्हतीच. नुसती वाफ.

"बंद कर! बचाऊ, बंद कर आधी!"

त्यानं बंद केलं आणि झाकण काढून लोटा भरला. "गंगाजल डाल देते हैं, अभी ठंडा हो जाएगा."

"खबरदार! तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतलंस तर तडा जाईल. मग गंगामाई पण काही करू शकणार नाही."

इकडे इंजिन बंद होताच प्रवाहानं नाव राजघाटच्या पुलाकडे ओढायला सुरुवात केली आणि माळ ताणली गेली. कच्चं सूत ते! आता तुटते की मग तुटते. मी माळ काकूच्या हातात दिली आणि ओरडले, "बचाऊ, चप्पू मार!" बिचाऱ्यानं फळ्यांखालची वल्ही ओढून काढली आणि वडिलांसारखा उभा राहून मारू लागला. नाव जागेवर थांबली. जेमतेम.

मी इंजिन वर उचललं. पंख्याच्या वर, दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाणी आत घेणाऱ्या जाळ्या असतात. दोन्हींवर झेंडूच्या पाकळ्यांचा असा लगदा बसला होता की कुणी लिंपलाय म्हणावं. नखांनी खरवडून काढला. इंजिन निवायला वेळ दिला, तो वेळ मला जाता जाईना. मग खाली सोडून चालू केलं. धार आली, पण थेंब थेंब. पुन्हा बंद. म्हणजे धारेच्या भोकातही कचरा अडकलाय. बांगडीला अडकवलेली पिन काढली, सरळ केली आणि हलक्या हातानं भोकात फिरवली. पुन्हा चालू केल्यावर आधी फुसफुस, मग काळपट चिखल, मग एक पाकळी आणि तिच्यामागून सणसणीत धार!

"वाह दीदी!" बचाऊ ओरडला. मी तर नाचायचीच बाकी होते. धारेला हात लावून बघितला, कोमट. सावकाश, अगदी सावकाश आम्ही पलीकडे गेलो आणि रेतीत रोवलेल्या खुंटीला मी माळेचं टोक बांधलं. अख्खी माळ. एक गाठ सुटली नव्हती.

"काकू, पार गेली!" मी वळून म्हटलं.

ती रडत होती. आनंदानं रडणारं माणूस मी ओळखते, हे ते नव्हतं.

"तुला इंजिन दुरुस्त करता येतं, हे मला कुठे ठाऊक होतं ग," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कच्चं सूत का, ते कळलं. तिला माळ तुटायला हवी होती. आणि तरी नाव वाहत असताना, मी इंजिनात डोकं घालून बसले होते तेव्हा, ती माळ तिच्याच हातात होती. एक झटका पुरला असता. तिनं तो दिला नाही. उलट जिथे ताण यायचा तिथे सैल सोडत, सांभाळत राहिली. गंगेशी लबाडी करणारी ती बाई नव्हे.

मी म्हटलं, "राहू दे, नको येऊस." ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बोललेय मी. आता बदलत नाही." रेतीवरच्या टपरीवर आम्ही चहा प्यायलो. चहा चांगला होता. समोर सगळे घाट उन्हात आले होते आणि काकू एकेकाचं नाव घेत होती, मला शिकवल्यासारखी.

काकू देवबागला येऊन आता दोन महिने होत आले. तक्रार नाही. मासळीचा वास सोसते, माझ्या नवऱ्याला लाडानं "दामाद" म्हणते, खाडीवर जाऊन बसते. पाण्याला हात लावते आणि तो जिभेला लावून तोंड वाकडं करते, खारट! मला हे बघून आधी हसू यायचं. आता येत नाही.

परवा तिच्या केसांना तेल लावताना मी विचारलंच, "काकू, खरं सांग. तुला यायचं होतं का?"

"गंगामाईनं हो म्हटलं ना."

"गंगामाई राहू दे. तू काय म्हणाली असतीस?"

ती मग म्हणाली, "तू चल म्हणालीस, रोज म्हणालीस. येतेस का, असं कुठे विचारलंस?"

रात्री बसून मी तिकिटं काढली. जायची दोन, परतीचं फक्त माझं. गल्लीत तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे, ती बचाऊच्या सुनेला बघून ठेवायला सांगितली आहे. काकूला दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि म्हटलं, परतीचं दुसरं तिकीट तू म्हणशील तर काढू, नाही म्हणशील तर नाही. काकू उठली, आणि भिंत धरत धरत पिशवी काढायला गेली.