किस्त आली आणि जाऊ घरी बसली

आम्ही आठ बाया बऱ्हाणपूर-शाहपूरकडच्या मळ्यांतून केळीचे घड डोक्यावर वाहून गाडीपर्यंत आणतो. मजुरी गाडीमागे, ती सगळ्यांत सारखी वाटायची. एक कमी आली की तिचे घड बाकीच्यांच्या मानेवर. लग्न असो, पाहुणे असोत, नाहीतर नुसता आळस असो, शिव्या खाऊन परत येता येतं. पण जिच्या अंगात जोर उरला नाही तिला परत घेत नाही. हा नियम माझाच, टोळीची मुकादम मी.

सरकार बायांच्या खात्यात महिन्याची किस्त टाकायला लागलं, तसे मळेवाले म्हणू लागले, "आता कोण येतंय कामाला!" मला चीड यायची. अरे, त्यात गॅसची टाकी येते, बाकी महिना काय हवा खायची? एकीनंही काम सोडलं नव्हतं.

आणि सोडलं ते माझ्या धाकट्या जावेनं! दीर वारल्यापासून तिचं आणि तिच्या दोन पोरींचं पोट टोळीतल्या त्या एका जागेवर होतं. तरी म्हणाली, "किस्त येते ना अक्का, थोडे दिवस बसते."

माझं डोकंच फिरलं. घरच्याच बाईनं माझं नाक कापलं होतं. भर गल्लीत ओरडले, "फुकटचं गिळायची चटक लागली का ग तुला? लाज नाही वाटत?" ती खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. दुसऱ्या दिवशी मुकाट कामावर आली.

चौथ्या दिवशी घड डोक्यावर असतानाच मटकन खाली बसली. साडी रक्तानं भिजली होती. तिला बऱ्हाणपूरला दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर डॉक्टरीणबाई माझ्यावरच भडकल्या. तिचं अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, कधीपासून बाहेर येत होतं. ओझं उचलू नको, दोन महिने आराम कर, असं त्यांनी तिला बजावून सांगितलं होतं. आता ओझं जन्मभर बंद.

"मला का नाही सांगितलंस, बाई?" मी तिला विचारलं.

"आजारी म्हटलं असतं तर तुम्ही माझी जागा दुसरीला दिली असती," ती म्हणाली. "आळशी म्हटलं तर नुसत्या शिव्या."

त्या सकाळी दवाखान्यात यायच्या आधी, तिच्या जागी दुसरी बाई लावूनच मी निघाले होते.