मीटरचा काटा

कळंबचे आमचे मिस्तरी इंजिनाला कान लावला की कुणाला बोलू देत नाहीत. बाबांच्या जुन्या मोटारसायकलची बॅटरी चार्ज होत नव्हती. त्यांनी मीटर लावला आणि मला रेस द्यायला सांगितली.

"काटा चढून राह्यला का?"

मीटर त्यांच्याच हातात होता.

"नाही."

"मंग डायनामोचे कार्बन गेले."

कार्बन बदलून ते बॅटरी जोडू लागले, तर लाल तार भलत्याच टोकाकडे निघाली. सगळं वायरिंग जळालं असतं. मी झटकन त्यांचं मनगट धरलं.

"मिस्तरी, तुम्हाला दिसत नाही?"

"हळू बोला भाऊ. मागं दुसरं गिऱ्हाईक उभं हाय."

तार मी गुपचूप जोडली. ते मोठ्यानं म्हणाले, "झालं! मारा किक."

गाडी सुरू झाली. गिऱ्हाइकानं आपली गाडी पुढं आणली. मला घाई होती, तरी मी काटा बघायला तिथंच थांबलो.