वाट विचारताना

घाटात एका बाईच्या म्हशींवर मी जोरजोरात हॉर्न वाजवला आणि पुढच्याच वळणावर रस्ता चुकलो. धुकं दाटलं, मोबाइलची रेंज गेली. मुकाट्याने मागे येऊन त्याच बाईला वाट विचारली.

"हितनं खाली जावा," ती म्हणाली. हसली नाही.

ही आपल्याला दरीत तर धाडत नाही ना? मी शेजारी बसलेल्या बायकोच्या कानात पुटपुटलो. हा मुलूख दाबायला आलेला गोरा साहेबही असाच कुणापुढे उभा राहिला असेल. बंदुकीच्या धाकाने माणूस बोलतो, पण खरंच बोलेल असं नाही. आणि परक्या डोंगरात प्रत्येक वाट विचारूनच चालावं लागतं. तोफा असूनही रोज असं भीत भीतच मोठमोठ्या फौजा हरत असतील.

गाडी उताराला लागली तशी बायको म्हणाली, "ती खरंच सांगत असेल हो. तिच्या जागी तुम्ही असता, तर मात्र मी गाडीतून उतरले असते."