एकाच मजकुराच्या दोन तारा

जयपूरच्या छावणीलगत एक लहानसं तारघर होतं. तिथले तारमास्तर सदाशिव मोघे, मूळचे वाईचे. नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी बजावत, "तार पाठवली म्हणजे पोचली असं नाही. समोरून 'मिळाली' वाजलं की पोचली. नाही वाजलं, तर तोच नंबर घालून परत पाठवायची. आणि दोनदा आलेली तार ओळखायची ती नंबरावरून. मजकुरावरून कधीच नाही."

पासष्टच्या सप्टेंबरात सीमेवर लढाई पेटली होती. एका दुपारी तिकडच्या तारघरातून सुभेदार हिंदुराव पिसाळांच्या नावे तार आली: 'मुलगा अत्यवस्थ. ताबडतोब निघा.' मोघ्यांनी 'मिळाली' ठोकलं आणि कागद शिपायाबरोबर धाडला. लाइनवर खरखर वाढत होती. थोड्या वेळाने तोच पत्ता, तोच मजकूर पुन्हा वाजला. नंबर खरखरीत बुडाला आणि लाइन बंद पडली.

आपलं 'मिळाली' तिकडे पोचलं नसणार, म्हणून तीच तार परत आली, असं मोघ्यांनी धरलं. दुसरा कागद त्यांनी बाजूला सारला.

हिंदुराव एका जवानाला घेऊन तडक आले. त्यांचे दोन्ही मुलगे वेगवेगळ्या पलटणींत, दोघेही आघाडीवर.

"तारमास्तर, नाव कुठं गिळलंत? आमचा नागनाथ की राजन?"

"नाव आलंच नाही, सुभेदारसाहेब."

हिंदुरावांची नजर बाजूच्या कागदावर गेली. "अन् ही?"

"तीच. परत वाजली."

"मतलब एकच?"

"एकच."

हिंदुरावांनी कपाळ पुसलं. "एक तरी धड हाय म्हणायचं." मग जवानाला म्हणाले, "घरी जा. बाईसाहेबांना सांग, दुसरा सुखरूप हाय. तारमास्तरांनी सांगितलंय म्हणावं."

जवानाची सायकल फाटकाबाहेर पडली. नाव कळेपर्यंत हिंदुराव बाकावर टेकले.

लाइन जिवंत झाली तेव्हा मोघ्यांनी आधी दुसऱ्या तारेचा नंबर मागितला. आला तो निराळाच. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तोच आला, आणि मागोमाग खुलासा: दोन्ही तारा लष्करी इस्पितळाच्या, रुग्ण दोन. तिथला कारकून सगळ्यांच्या घरी एकच मजकूर धाडतो.

मोघ्यांनी 'मिळाली' ठोकलं. हात तारयंत्राच्या किल्लीवरून उचलला.

"काय म्हणतायत? कोण हाय?" हिंदुरावांनी विचारलं.

मोघे उठून फाटकाकडे बघत राहिले. रस्ता रिकामा होता.

"सुभेदारसाहेब, तुमचा तो जवान... घरी पोचला असेल का?"

हिंदुराव उभे राहिले. कोणता, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.